नेव्हिओचं तिसरं पेडल

आमच्या बोर्गो सान रुफिल्लो गावात बारसमोरून गाडी गेली तर मान वर करून बघायची पद्धत नाही. हातात पत्ते, नजर पत्त्यांवर आणि कान रस्त्यावर. गाडी कुणाची, चालवतंय कोण आणि त्याचं सकाळी बायकोशी वाजलंय का, एवढं आवाजावरून कळतं. माझी आत्या आर्जिआ, जिचा हा बार, तिचा डावा कान केव्हाच कामातून गेलाय. तरी ती कॉफीचा कप पुढे सरकवता सरकवता सांगते, "पाद्रीबाबांनी वळणावर गिअर बदललाच नाही. कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय." आणि संध्याकाळपर्यंत चर्चची घंटा वाजतेच.

अशा गावात नेव्हिओ झोफोलीने एक गोष्ट लपवायची ठरवली आणि ती लोकांच्या डोळ्यांपासून लपवली. कानांचं त्याच्या लक्षातच आलं नाही. कमाल अशी, की गावाला कानाने गाड्या ओळखायची खोड लावली होती ती त्यानेच.

नेव्हिओ आमच्या डोंगरातल्या बसचा ड्रायव्हर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून चौकात उभा राहतो तो असा, की जणू मागे चाळीस माणसं बसलीयेत आणि त्यांतली दोन उभी आहेत. धुक्यात, बर्फात त्याने बस नेली आणली. सगळ्या नोकरीत ती एकदाच घसरली, आणि घसरून गेली ती नगराध्यक्षाच्या नव्या कुंपणात. त्या नगराध्यक्षाला त्याने मत दिलं नव्हतं. तो अपघात होता असं नेव्हिओ अजूनही सांगतो, आणि सांगताना हसतो.

बसवर पोट भरायचं, पण जीव होता त्याच्या जुन्या लान्चा फुल्विआ गाडीवर. दोन दारांची, गडद निळी, पुढे चार दिवे. एका दातांच्या डॉक्टरच्या विधवेकडून घेतली तेव्हा आत कोंबड्या बसायच्या. कोंबड्या एका सकाळीत निघाल्या, बाकीचं निस्तरायला वर्षं गेली. ती गाडी घेऊन तो डोंगरावरच्या शर्यतींना जायचा. कधी जिंकला नाही, पण त्याच्या गिअर टाकण्याबद्दल जिंकलेले लोकही बोलायचे. चर्चच्या वळणावर तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना तो क्लच दोनदा दाबायचा आणि मधे ॲक्सिलरेटरला पायाचा नुसता अंगठा लावायचा. गाडी एकदा खाकरायची आणि मग वळायची. ते खाकरणं ऐकून त्याची बायको नीवेस चुलीवरच्या पाण्यात पास्ता सोडायची. तो दारात येईपर्यंत शिजलेला असायचा.

तर आता ती टोपीची गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मार्चमध्ये, गाड्या चालवणाऱ्यांच्या संतिणीचा दिवस झाला की येणाऱ्या रविवारी आमच्याकडे जुन्या गाड्या चौकात लागतात. पाद्रीबाबा सेत्तिमिओ त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. मग सगळे आपापल्या किल्ल्या त्यांच्या काळ्या टोपीत टाकतात आणि प्रत्येकाने न बघता एक उचलायची. ज्याची किल्ली हाती येईल त्याची गाडी घेऊन खिंडीपर्यंत जायचं. वर खाणावळीत जेवण, आणि जेवताना प्रत्येकाने उभं राहून आज चालवलेल्या गाडीबद्दल बोलायचं. एक बरं, एक वाईट. आपली गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची हिंमत नसेल त्याने घरी बसावं, असा हिशोब. माझी छोटी पांडा गाडी या टोपीत चालत नाही. ती जुनी आहे, पण आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाच्या मते नुसती जुनी असून भागत नाही.

वीसेक वर्षांपूर्वी या टोपीत ओरिआनो बर्नाबेची किल्ली होती. ओरिआनो फरशांच्या कारखान्यात होता. तिथल्या प्रेसखाली त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. वर्षभर घरी बसून त्याने आपली लाल जुलिएत्ता गाडी स्वतःच बदलून घेतली. क्लच दाबायचं काम पायाऐवजी एक यंत्र करणार. गिअरच्या मुठीवर हात पडला की ते क्लच दाबतं, हात उचलला की सोडतं. गिअर मात्र आपल्याच हातानं टाकायचे. अर्धं काम यंत्राचं, अर्धं आपलं. डावीकडचं पेडल काढून टाकलेलं. कुबडी टेकत तो आला, टोपीत किल्ली टाकली, आणि ती आली नेव्हिओच्या हाताला.

नेव्हिओ जुलिएत्तात बसला. डावा पाय पुढे टाकला. तिथे काहीच नव्हतं. तो बाहेर आला आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे, आमच्या नीवेसच्या शिलाई मशीनला सुद्धा पेडल असतं रे!"

आणि किल्ली परत फेकली. ओरिआनोच्या एका हातात कुबडी होती, दुसऱ्या हातात स्वतःची टोपी. किल्ली दगडांवर पडली. सगळा चौक हसत होता. ओरिआनोने ती वाकून उचलली. एक पाय नसलेल्या माणसाला वाकायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ लागला, आणि तेवढा वेळ लोक हसतच होते. मग तो जुलिएत्तात बसून घरी गेला. पुढच्याच महिन्यात मंडळाने नाव बदललं. सुचवलं नेव्हिओने, मतं सगळ्यांनी दिली. 'तीन पेडल मंडळ'. त्याची पाटी आत्याच्या बारमध्ये कॉफीच्या मशीनवर लागली. तिच्यावर सोनेरी रंगात तीन पेडलं.

गेल्या वर्षी नेव्हिओच्या पाठीचं ऑपरेशन झालं. पाठ बरी झाली, पण डावा पाय घोट्यापासून लोंबायला लागला, ओल्या मोज्यासारखा. डॉक्टरांच्या समितीने सांगितलं, गाडी चालवा, हरकत नाही, पण क्लचचं पेडल नसलेली.

नीवेस म्हणाली, "एखादी छोटी ऑटोमॅटिक घेऊ. बाजारात जायला पुरे."

"बाजारात मी चालत जाईन."

"मग चाल की. कालपासून कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत गेला नाहीस."

फुल्विआ चादरीखाली गेली. संबंध हिवाळा चर्चच्या वळणावर कुणी खाकरलं नाही. नीवेसचा पास्ता कधी कच्चा, कधी चिखल.

फेब्रुवारीत एका सकाळी तो बारमध्ये आला, कॉफी घेतली आणि आत्याची पाठ वळल्यावर मला म्हणाला, "पांडा मोकळी आहे का?"

"कुठं जायचंय?"

"खाली. सपाटीवर."

"कुणाकडे?"

त्याने पाटीकडे बघितलं नाही. म्हणजे इतकं ठरवून बघितलं नाही, की मला कळलं.

ओरिआनोची आता मोठी कार्यशाळा आहे. ज्यांचा हात, पाय, पाठ चालत नाही अशांच्या गाड्या तो तयार करून देतो, तीन प्रांतांतून लोक येतात. आम्ही बाकावर बसलो. एका बाजूला चाकाच्या खुर्चीतली एक शाळेतली बाई, दुसऱ्या बाजूला एका हाताचा बेकरीवाला. नेव्हिओ मधोमध, टोपी गुडघ्यावर, बसमधून चुकून भलत्याच गावी उतरलेल्या माणसासारखा.

ओरिआनो आला. केस पांढरे झालेले, चालीत आता कुबडी नाही. त्याने कागद पुढे ओढला.

"कुठला पाय?"

"डावा."

"नाव?"

नेव्हिओ बघतच राहिला. "ओरिआनो, अरे, माझं नाव…"

"पावतीवर लिहावं लागतं."

"झोफोली. नेव्हिओ."

"गाडी?"

"तुला माहीत आहे."

"गाडी?"

"फुल्विआ."

ओरिआनोने सगळं समजावून सांगितलं, जसं त्या शाळेतल्या बाईला सांगितलं असेल तसंच. मोटर कुठे बसेल, मुठीत बटण कसं असेल, चढावर काय करायचं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. शेवटी म्हणाला, "डावं पेडल मी काढून टाकतो. उगाच पायात येतं."

नेव्हिओ खाली बघत पुटपुटला, "राहू दे."

"काय?"

"पेडल. जागेवर राहू दे."

"ते कशालाच जोडलेलं नसणार."

"माहीत आहे."

"मग कशाला?"

"दिसायला."

ओरिआनोने चष्मा काढला. बाकावरचा बेकरीवाला हे सगळं ऐकत होताच. तो म्हणाला, "ओरिआनो, मग मलाही एक हात लावून दे. दिसायला." शाळेतली बाई खो खो हसली. मीही हसणार होतो, पण नेव्हिओचे कान बघितले. बैलगाडीच्या मागे लावायच्या दिव्यासारखे लाल झाले होते.

ओरिआनो हसला नाही. "खाली स्प्रिंग लावावी लागेल," तो म्हणाला, "नाहीतर लोंबेल. कडक पाहिजे की मऊ?"

"कडक," नेव्हिओ म्हणाला. ऐकू येईल न येईल असं.

परत येताना अर्धा घाट तो टोपीची कडा बोटांत फिरवत होता. मग म्हणाला, "त्याने त्या दिवसाचं काही काढलं नाही."

"नाही काढलं."

"काढायला पाहिजे होतं." खिडकीतून बघत राहिला. "चांगला कान धरून मला बाहेर काढायला पाहिजे होतं. त्याने कडक की मऊ विचारलं."

मला त्याने शपथ घातली. कुणी विचारलं तर दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो म्हणायचं. मी शपथ पाळली. मोडायची वेळच आली नाही.

कारण गाडी तयार होऊन आली त्या दुपारी बारमध्ये चौघे पत्ते खेळत होते. मी ग्लास पुसत होतो. खालून फुल्विआचा आवाज यायला लागला आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. चर्चचं वळण आलं. औषधांच्या दुकानाचा लोरिस पत्ता टाकायला हात वर करून थांबला, खाकरण्याची वाट बघत.

फुल्विआ खाकरली नाही. लोण्यातून सुरी जावी तशी वळून गेली.

"नेव्हिओ आला," एक म्हणाला.

"गाडी आली," लोरिस म्हणाला. "पाय नाही आला."

"कुणीतरी दुसरा चालवत असेल."

"दुसऱ्याला हात लावू देईल तो?"

मशीनमागून आत्या म्हणाली, "मोटर आहे. ओरिआनोच्या लाल गाडीसारखी. तोच हुंकार."

"तुला एका कानाने कळलं?"

"त्या दिवशी तो घरी गेला तेव्हा हसण्याच्या गडबडीत मी एकटीच ऐकत होते," आत्या म्हणाली. "तुम्ही सगळे दात काढत होतात."

चौघांनीही मान वर करून पाटीकडे बघितलं आणि घाईने खाली घातली.

तेवढ्यात नेव्हिओ आत आला. पाय ओढत, पण छाती पुढे काढून.

"काय म्हणते फुल्विआ?" लोरिसने विचारलं.

"बरी आहे. क्लच जरा कडक झालाय."

"थंडी आहे," लोरिस पत्त्यांत बघत म्हणाला. "तेल घट्ट होतं थंडीत."

"हो तर. घट्टच होतं," दुसरा म्हणाला.

"माझंही झालंय," तिसरा म्हणाला, ज्याच्याकडे सायकल आहे.

असं ते ठरलं. कुणी कुणाला डोळा मारला नाही, बैठक घेतली नाही. पुढचे तीन आठवडे नेव्हिओ बारसमोर गाडी लावायचा, दार उघडायचा, दोन्ही हातांनी डावा पाय उचलून त्या पेडलवर ठेवायचा आणि कुणी जवळून गेलं की दात-ओठ खाऊन दाबायचा. आणि माणसं त्याच्या दाराशी थांबून म्हणायची, "अजून कडक आहे का रे?" आणि तो म्हणायचा, "सैल होईल हळूहळू." घरी नीवेस म्हणायची, "नवीन मशीनमध्ये दोरा मी ओवून देऊ का?" तिला त्या जुन्या वाक्याचा राग अजून होता. तिच्या मशीनने दोन पोरांची लग्नं लावली होती.

नेव्हिओला भीती एकाच गोष्टीची होती. टोपीची. टोपीत किल्ली टाकली की कुणीतरी फुल्विआत बसणार. पेडल दाबणार. पेडल स्प्रिंगवर खाली जाईल, वर येईल, आणि काहीच होणार नाही. मग चौक, मग हसणं. आणि किल्ली टाकली नाही, तर हिंमत नसलेला. मला त्याने दोनदा विचारलं की मंडळाच्या चिटणीसाला म्हणजे मला, हिशोब ठेवणाऱ्याला, यंदा टोपीचा कार्यक्रम रद्द करता येईल का. मी म्हणालो, "नेव्हिओकाका, पाद्रीबाबांची टोपी आहे, माझी नाही."

"त्यांना म्हण टोपी धुवायला टाका."

रविवारी ऊन स्वच्छ होतं. पवित्र पाणी काचांवरून ओघळत होतं. नेव्हिओने किल्ली टोपीत टाकली ती अशी, की हात आत जाऊन बराच वेळ बाहेर आला नाही. त्याच्या किल्लीला टायरच्या कापलेल्या रबराचा तुकडा बांधलेला असतो. बोटांना लगेच कळतो.

पाद्रीबाबा सेत्तिमिओंनी टोपी पहिल्यांदा लोरिससमोर धरली. दरवर्षी ती उजवीकडून सुरू होते. त्या दिवशी डावीकडून झाली. लोरिसने हात घातला आणि ढवळायला लागला.

"किल्ली काढतोयस की कोंबडीखालची अंडी शोधतोयस?" पाद्रीबाबा म्हणाले.

"नशीब शोधतोय, फादर," लोरिस म्हणाला, आणि रबराचा तुकडा धरून किल्ली वर काढली. "अरेच्चा! फुल्विआ!"

अभिनय इतका वाईट होता, की मला वाटलं आता नेव्हिओला कळणार. पण घाबरलेल्या माणसाला अभिनय कळत नाही. तो पांढरा पडला होता.

लोरिस त्याच्याकडे आला. "नेव्हिओ, एक काम कर. माझ्या कमरेने आज संप पुकारलाय. तूच चालव, मी शेजारी बसतो. वर गेल्यावर मीच चालवली म्हणून सांगेन."

औषधं विकणाऱ्या माणसाची कंबर! नेव्हिओच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं ते इतकं भरभर, की बघवेना.

गाडीतलं पुढचं मला लोरिसने सांगितलं, आणि लोरिस खोटं बोलला तो फक्त त्या दिवशीच्या जेवणात, म्हणून मी विश्वास ठेवतो. गाव मागे पडलं तरी नेव्हिओ प्रत्येक गिअरला डावी मांडी उचलत होता, लोंबता पाय पेडलवर आपटत होता. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. लोरिस बराच वेळ बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "नेव्हिओ, पायाला आराम दे. इथं कुणी बघत नाहीये."

नेव्हिओने पुढचा गिअर हातानेच टाकला. पाय हलला नाही.

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. चर्चच्या वळणावर खाकरला नाहीस."

"मी नाही, गाडी खाकरते."

"तेच."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना. आर्जिआला सगळ्यांत आधी कळलं."

"ती तर बहिरी आहे!"

"एकाच कानाने."

"आणि पाद्रीबाबा?"

"टोपी डावीकडून कशी काय सुरू झाली असं तुला वाटलं?"

पुढे खिंडीपर्यंत नेव्हिओ हातानेच गिअर टाकत राहिला. लोरिसला वाटलं, सुटला बिचारा, मोकळा झाला. मला नाही वाटत. मी खाणावळीच्या दारात उभा होतो, नीवेसला पांडातून वर घेऊन आलो होतो. फुल्विआतून उतरलेला माणूस मोकळा झालेला दिसत नव्हता. एखाद्याच्या खिशातून काही पडलं, आणि ते ज्याच्या पायाशी पडलं त्याने गुपचूप उचलून परत दिलं, म्हणजे जसं तोंड होतं, तसं होतं.

जेवणात कापेलेत्ती होत्या, सारण भरलेल्या पास्त्याच्या छोट्या टोप्या, कोंबडीच्या रश्शात. पहिला उभा राहिला तो दुसऱ्याच्या गाडीच्या ब्रेकबद्दल बोलला, पुढचा एकाच्या सीटखाली सापडलेल्या सॅलमीबद्दल. लोक टाळ्या वाजवत होते. मग लोरिस उठला.

"आज मी फुल्विआ चालवली," तो म्हणाला. "वाईट म्हणाल तर आरसा. स्वतःचं तोंड दिसतं. बरं म्हणाल तर…" त्याने वाइनचा एक घोट घेतला. "क्लच. असा क्लच मी दाबला नव्हता कधी. मऊ, लोण्यासारखा."

टाळ्या वाजल्या. सगळे रश्शात बघत वाजवत होते. तीस माणसं, तीस वाडग्यांवर वाकलेली, जणू आत काही लिहिलंय.

नेव्हिओ उठला. टेबलाला धरून, कारण पाय घाईत उठू देत नाही.

"लोरिसने गाडी चालवली नाही," तो म्हणाला.

"बस रे, नेव्हिओ."

"आणि क्लच मी दाबत नाही. मोटर दाबते. खाली आहे ते पेडल खोटं आहे. ओरिआनोने लावून दिलंय. मी मागितलं म्हणून."

"माहीत आहे," कुणीतरी हळूच म्हणालं. "रस्सा निवतोय."

"निवू दे. तुम्ही मला सगळ्यांनी सांभाळून घेतलंत. पाद्रीबाबांनी सुद्धा. आणि मी…" त्याने टेबलावरून नजर फिरवली. "मी त्याला काय म्हणालो होतो, आठवतंय?"

कुणाला आठवत नव्हतं असं नाही. पण त्या वेळी खाणावळीत चमचे वाजायला लागले. एकाने दुसऱ्याला चीज मागितलं. दुसऱ्याने लगेच दिलं. कोपऱ्यातून आत्या आर्जिआ म्हणाली, "हसलो आपण सगळे, नेव्हिओ. तू एकटा नव्हतास. बस आता."

"मीच बोललो होतो."

"आणि आम्ही हसलो. मग कुणाला बोलायला लावतोस आता? खा."

त्याला वाटलं असेल, उठून सांगितलं की काहीतरी होईल. कुणीतरी शिव्या देईल, कुणीतरी पाठीवर थाप मारेल. काहीच झालं नाही. लोकांना त्याचा कबुलीजबाब नको होता, कारण तो घेतला असता तर त्यातला आपला आपला वाटाही उचलावा लागला असता. तो थोडा वेळ उभाच राहिला. मग नॅपकिन खुर्चीवर ठेवला, लोरिससमोरची किल्ली उचलली आणि बाहेर गेला. फुल्विआ सुरू झाली. न खाकरता उतरायला लागली.

नीवेसने मला कोपराने ढोसलं. "बघत काय बसलास? काढ ती तुझी पांडा."

"कुठं जाणार ते?"

"तुझी काकू आहे मी की पोलीस? मागे मागे चल."

पण तिला माहीत होतं. मलाही होतं.

ओरिआनो कार्यशाळेच्या मागेच राहतो. रविवारची दुपार, गल्लीत कुणी नाही, खिडक्यांतून ताटांचे आवाज. मी पांडा थोडी अलीकडे थांबवली. नेव्हिओ घंटा वाजवून दारात उभा होता. ओरिआनो बाहेर आला, गळ्यात नॅपकिन तसाच.

नेव्हिओने किल्ली पुढे केली. हातावर ठेवून, फेकली नाही. आम्हाला शब्द नीट ऐकू आले, कारण गल्ली लहान आहे आणि नीवेसने काच खाली करून घेतली होती.

"काय झालं? बिघडली?"

"नाही. तू चालव."

"मी जेवतोय."

"टोपीत माझी किल्ली तुला कधी आली नाही," नेव्हिओ म्हणाला. "आलीच नाही. म्हणून आणली."

ओरिआनोने किल्लीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मला वाटलं, आता तो किल्ली उचलणार आणि दगडांवर टाकणार. नेव्हिओलाही तेच वाटलं असणार, कारण त्याने खाली दगडांकडे बघितलं आणि उजवा पाय थोडा मागे घेतला. वाकायला सोपं जावं म्हणून.

ओरिआनोने किल्ली घेतली आणि गाडीत बसला. गाडी सुरू केली. आपला खोटा पाय त्या खोट्या पेडलवर ठेवून एकदा दाबला. स्प्रिंगचा आवाज आम्हाला पांडापर्यंत आला. मग तो कोपरा वळून गेला.

बराच वेळ आला नाही. नेव्हिओ दारात उभा होता. ओरिआनोच्या बायकोने खुर्ची आणून दिली. तो म्हणाला, नको, उभाच बरा. एका पायावर सगळा भार देऊन, टोपी हातात धरून. तिने खुर्ची तिथेच ठेवली आणि आत गेली. त्या खुर्चीशेजारी तो जास्तच उभा वाटत होता.

"बसला तर काय बिघडेल याचं?" मी म्हणालो.

"बसायला नको," नीवेस म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "उभा राहू दे थोडा."

फुल्विआ परत आली. ओरिआनो उतरला, नॅपकिनने स्टिअरिंग पुसलं आणि किल्ली नेव्हिओच्या हातात दिली.

"दुसऱ्यात मोटर क्लच जरा लवकर सोडतेय," तो म्हणाला. "तू वळणावर खाकरवायचास ना, त्याने जमणार नाही ते. थोडं उशिरा सुटेल असं करतो. मंगळवारी ये. सोमवारी बंद असतं."

"आणि पेडल?"

"ते तू सांग."

"काढून टाक."

"बरं."

नेव्हिओ हलला नाही. "ओरिआनो, त्या दिवशी चौकात मी…"

"माझ्या ताटातलं निवलं," ओरिआनो म्हणाला. रागाने नाही. जसं कुणी म्हणतं तसं. "मंगळवारी."

आणि दार लावून घेतलं. आतून ताटाचा आवाज आला, आणि त्याच्या बायकोने काहीतरी विचारलं, त्याने काहीतरी सांगितलं. काय ते ऐकू आलं नाही, आणि नीवेसने काचही वर करून घेतली.

मंगळवारी मी त्याला नेलं नाही, तो स्वतः गेला. पेडल निघालं. फुल्विआ आता बारसमोर दार सताड उघडं ठेवून उभी असते. आत दोनच पेडलं आहेत, हे येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं म्हणून. मंडळाची पाटी अजून आत्याच्या मशीनवर आहे. ती काढावी असं कुणी बोलत नाही, आणि राहू द्यावी असंही कुणी बोलत नाही. तिच्याकडे पाठ येईल अशा खुर्चीवर बसायला मात्र भांडणं होतात. नेव्हिओ तिच्याकडे तोंड करून बसतो.

ओरिआनोला पुढच्या टोपीच्या रविवारी यायचं आमंत्रण नेव्हिओ दर महिन्याला देऊन येतो. ओरिआनो दर महिन्याला सांगतो की रविवारी तो जेवतो. चर्चच्या वळणावर फुल्विआ आता पुन्हा खाकरते, जरा उशिरा, जरा कोरडं. नीवेस त्यावर पास्ता सोडते. आणि मी शेजारी बसलेलो असलो तर बघतो, हात मुठीवर गेला की नेव्हिओची डावी मांडी अजून उचलली जाते, आणि त्याच्या लक्षात आलं की तो ती दोन्ही हातांनी खाली ठेवतो, गिअर तसाच अर्धवट सोडून.